गच्चीवरच्या मुली

सोसायटीला गच्चीवर सोलर पॅनल परवडत नाहीत आणि ते बसवायचं काम मुलींना झेपत नाही, अशी दोन मतं ऐकू येतात. मला दोन्ही पटत नाहीत.

गच्चीवरच्या सोलरसाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये आणलेल्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी गच्ची लागते, दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. पावसाळ्यात कमी, मान्य. पण लिफ्ट आणि पंपाच्या बिलात फरक पडतोच.

आमच्या मुलुंडच्या इमारतीत पॅनल बसवायला आलेल्या तिघांत एक आयटीआय झालेली मुलगी होती. आमचे सेक्रेटरी तिला सोडून सगळं मागच्या पोरालाच विचारत होते, मला फार लागलं ते. दुपारी तीनला पाण्याच्या टाकीची सावली कुठवर येते ते तिनेच खडूने आखलं आणि शेवटची फ्रेम सरकवायला लावली. पॅनल एका माळेत जोडलेले असतात, एकावर सावली पडली की सगळ्या माळेची वीज घटते.

दिवसभर मात्र बाथरूमला कुठे जायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी चारला तिने संकोचत माझी बेल वाजवली. मुली या कामात का टिकत नाहीत असं विचारणाऱ्यांनी आधी आपापल्या सोसायटीत ही सोय करावी.