वेर्ल्यावरच्या रानातली खोप: चार रात्री राहायचं आहे, काय काय बघून घ्यावं?

म्हापशाची_सून
डिसेंबरात आम्ही चौघं (आम्ही दोघं, १२ वर्षांचा मुलगा आणि ६६ वर्षांच्या सासूबाई) गोव्यातल्या सांगे तालुक्यात वेर्ले गावाच्या वरच्या अंगाला एका शेतकऱ्याच्या खोपीत राहायला जाणार आहोत. मातीच्या भिंती, सारवलेली जमीन, वर चुडतं (नारळाच्या विणलेल्या झावळ्या). वीज नाही, पाणी झरीचं, चूल आहे. गाडी गावापर्यंत, पुढे अर्धा तास पायवाट. दोन वेळचं जेवण मालकाच्या घरून येईल, सकाळचा चहा-नाश्ता आपला आपण. परवानगी लागते का? पाण्याचं काय करावं? आणि सासूबाई बरोबर असल्यामुळे कशाकडे जास्त लक्ष द्यावं?

केपेकर
परवानगीचं आधी. नेत्रावळी १९९९ पासून अभयारण्य आहे आणि वेर्ले, तुडव, साळगिणी ही वरची गावं त्याच रानात आहेत. गावात कुणाच्या घरी राहणं वेगळं आणि रानात फिरणं वेगळं. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात शिरायला परवाना लागतो. म्हणून निघण्याआधी नेत्रावळीच्या वन कार्यालयात खोप नेमकी कुठे आहे ते सांगून विचारा. नुसतं "वेर्ल्याला चाललोय" म्हटलंत तर उत्तरही तसंच मोघम मिळेल. खोप मालकाच्या स्वतःच्या जमिनीत आहे की वन खात्याच्या, हे त्यालाच स्पष्ट विचारा. यात लाजायचं कारण नाही.

रानात विस्तव करायचा नाही, वाळकी फांदीसुद्धा उचलायची नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले, तेव्हापासून याबाबत कुणी ढिलाई करत नाही. जळण मालकाच्या रचून ठेवलेल्या लाकडांतलंच घ्या आणि त्याचे वेगळे पैसे द्या. पैसे रोख न्या. वर नेटवर्कचा भरवसा नाही, यूपीआयवर विसंबू नका. पेट्रोल कुडचड्याहूनच भरून निघा.

झरीकाठी
पाण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण लोक तिथेच चुकतात. डिसेंबरात झर चांगली चालू असते. मार्च-एप्रिलला विचारलं असतंत तर वेगळं सांगितलं असतं. पण झरीचं पाणी गार नि नितळ दिसतं म्हणून ते शुद्ध असतं, हे खरं नाही. वर गुरं चरतात, उंदीर-घुशी फिरतात, आणि लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू उंदराच्या मुतातून पाण्यात येतात.

पिणं आणि सकाळचा चहा-नाश्ता मिळून माणशी दिवसाला ५ लिटर धरा, म्हणजे चौघांना २०. तेवढं रोज संध्याकाळी तयार ठेवायचं. पाणी चार पदरी धुवट सुती कापडातून गाळा, मग उकळा. बुडबुडे आले की उतरवू नका, खळखळ उकळी फुटल्यावर पुरता एक मिनिट ठेवा. क्लोरीनच्या गोळ्या जवळ असू द्या, पण गढूळ पाण्यात त्यांचा जोर गाळावरच खर्च होतो, म्हणून आधी गाळणं आलंच. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबा. गोळी किती लिटरची आहे ते पाकिटावर बघा, दोन मापांच्या गोळ्या बाजारात मिळतात आणि त्यांची गल्लत होते.

साठवण नळाच्या कॅनमध्ये करा. उघड्या कळशीत सगळ्यांनी पेला बुडवला की उकळण्याची मेहनत वाया गेली. भांडी-आंघोळ झरीच्या तोंडाशी नको. पाणी बादलीनं काढून पन्नास-साठ पावलं खालच्या बाजूला न्या. खाली कुणाचं तरी कुळागर (माड-पोफळीची बाग) असतं, साबणाचं पाणी तिथवर जाऊ नये. शौचालय आहे का हेही विचारून घ्या. नसलं तर कुदळ मागून घ्या, वीतभर खड्डा, वर माती, आणि तोही पाण्यापासून तेवढाच लांब.

चूल पेटवायला सुकी सोडणं (नारळाची सालं) किंवा चुडताचे तुकडे गावातूनच न्या. दव पडतं, त्यामुळे बाहेरचं लाकूड सकाळी धूर करतं. सकाळचं जळण रात्रीच आत आणून चुलीशेजारी ठेवा, चिकटून नको. आणि थंडी वाजते म्हणून निखारे घमेल्यात घालून दार लावून झोपू नका. कोळशाच्या वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. गोधड्या जास्त न्या.

घाटमाथा
वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त चुलीबाबत नाही. चुडतांच्या छपराखाली ज्यांना चुलीची सवय नाही त्यांनी छोटा गॅस न्यावा. चहा नि पोहे करायला किती वेळ लागतो?

झरीकाठी
मान्य. पण गॅसही दारातल्या वाऱ्यात नको, ज्वाळ वाकडी होऊन छपराच्या कडेला लागते. अंगणात, सपाट दगडावर, बाजूला पाण्याची भरलेली बादली.

सांगेची_परिचारिका
सासूबाईंचं मी सांगते, बाय. मुलालाही हेच लागू.

चौघांनाही मच्छरदाणी, आणि ती चटईखाली चारही बाजूंनी खोचलेली. डासांपेक्षाही मण्यारीसाठी. ती रात्री उंदरांच्या मागे घरात येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, नि चावा इतका बारीक असतो की कळतच नाही. पहाटे पोटात दुखू लागलं, पापण्या जड झाल्या, बोलणं बोबडं झालं तर "पित्त असेल" म्हणून थांबायचं नाही. दंशाची खूण दिसली नाही तरीही हलवायचं. खाट मिळाली तर सासूबाईंना खाटेवर झोपवा.

साप चावला तर बांगड्या, अंगठ्या, घड्याळ लगेच काढा. हात किंवा पाय फळकुटाला सैल बांधून स्थिर ठेवा. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. वेळ लिहून ठेवा. चालवत खाली आणू नका, चादरीची झोळी करून दोघांनी उचला. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. चापडा या हिरव्या विषारी सापावर ते लागू पडत नाही. चापडा पाण्याकाठच्या फांदीवर हिरव्या पानांत बसतो, म्हणून झरीच्या वाटेवर तोल सावरायला फांदी धरायची नाही, काठी टेकायची. चापडा चावला तरी इस्पितळ चुकत नाही, सूज आणि रक्त गोठण्याकडे लक्ष ठेवावं लागतं.

१०८ला फोन लागायला रेंज हवी. म्हणून पहिल्या दिवशी उजेड असतानाच खोपीपासून कुठल्या दगडावर, कुठल्या वळणावर फोन लागतो ते शोधून ठेवा. आणि गावात रात्री गाडी कोण काढेल, त्याचं घर कुठलं, हे मालकाला विचारून ते घर डोळ्यांनी बघून या.

गोचिडीचंही बघा. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे (गोचीड चावून होणाऱ्या तापाचे) रुग्ण सापडले आहेत आणि त्याचा हंगाम हिवाळ्यात सुरू होतो. पायघोळ पँट मोज्यात खोचा, पाचोळ्यावर बसू नका, संध्याकाळी मुलाच्या काखा, जांघा, कानामागे बघा. चिकटलेली गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल नको, काडी लावणं नको. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वन खात्याला कळवा. परत आल्यावर आठवडाभरात एकदम ताप चढून डोकं नि अंग दुखलं, तर डॉक्टरांना रानात राहून आल्याचं आपणहून सांगा. सासूबाईंची रोजची औषधं दोन दिवसांची जास्त न्या.

म्हापशाची_सून
खूप आभार. गव्यांचं काय? आणि गावात वागण्याचं काही?

केपेकर
सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, डोंगराच्या आडोशाला त्याआधीच काळोख. त्यानंतर पायवाट बंद. रात्रीचं जेवण साडेपाचपर्यंत पोचवायला सांगा. गवा दिसला तर तोंडावर टॉर्च मारू नका, आल्या वाटेनं मागे सरका, आणि वासरू नि गाय यांच्यामध्ये कधी येऊ नका. उरलंसुरलं अन्न झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर डुकरं अंगणात येतात.

वरची बरीच वस्ती वेळीप समाजाची. देवराईत विचारल्याशिवाय पाऊल नको. चपला बाहेर काढायच्या का, बायकांनी जायचं का, हे जागेजागी वेगळं असतं. फूलपान तोडायचं नाहीच. मासे-मटण किंवा बाटली नेणार असाल तर मालकाला आधी विचारा, काही दिवस गावात चालत नाही. सारवलेल्या जमिनीवर बूट घालून फिरू नका, पोपडे निघतात आणि मागाहून सारवायचं काम त्याच्या घरच्या बाईवर येतं.