परदेशी एमबीए: रेकमेंडेशन कुणाचं घ्यावं, इंटरव्ह्यूची तयारी कशी करावी? सल्ला हवाय

मंदार_ठाणे:
मंडळी, मदत हवीये. बीकेसीला एका बँकेत ट्रेड फायनान्स ऑपरेशन्सला आहे, हैदराबादचं आयएसबी आणि अमेरिकेतल्या दोन-तीन बी-स्कूल्सना अर्ज टाकायचाय. ऑफिसातले कॅट-सीईटीवाले फक्त पर्सेंटाइलचंच बोलतात, पण तिकडे फाइल नक्की कशी बघतात? आणि रेकमेंडेशनचं, म्हणजे शिफारसपत्राचं अडलंय. व्हीपी (व्हाइस प्रेसिडेंट) म्हणतात तूच लिहून आण, मी अपलोड करतो. मॅनेजर स्वतः लिहायला तयार आहेत पण त्यांचं पद लहान.

सायली_पार्ले:
डोळे झाकून मॅनेजर. पदाला कोणी भुलत नाही रे, फॉर्ममधले प्रश्नच असे असतात की रोज सोबत काम केलेल्यालाच उत्तर देता येतं, याला काय फीडबॅक दिलात, त्यावर त्याने काय केलं वगैरे. आणि स्वतः लिहून द्यायच्या भानगडीत अजिबात पडू नकोस, बी-स्कूल्सना ते चालत नाही.
फाइलचं म्हणशील तर जमनालाल बजाजच्या एमएमएसला सीईटीचा स्कोअर आणि कॅप राउंड (केंद्रीय प्रवेश फेरी), विषय संपला. तिकडे जीमॅट ही प्रवेश परीक्षा फक्त एक भाग, मार्क, काम, निबंध, पत्रं सगळं एकत्र वाचतात. तू एलसीचे (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे बँकेची पेमेंटची हमी) कागद तपासतोस ना, बिल ऑफ लेडिंगची (माल जहाजावर चढवल्याची पावती) तारीख एलसीतल्या शिपमेंटच्या शेवटच्या तारखेपुढे गेली की डिस्क्रेपन्सी, म्हणजे कागदांत तफावत, फाइलचंही तसंच. रेझ्युमेत टीम सांभाळली म्हणतोस आणि मॅनेजरच्या पत्रात टीमचं नावच नाही, तर वाचणारा अडखळणारच.

चर्चगेट_स्लो:
+१. इंटरव्ह्यूसाठी आधी हे बघ की समोरच्याने काय वाचलंय. हार्वर्डला अ‍ॅडमिशन ऑफिसचेच लोक पूर्ण फाइल वाचून येतात, अर्धा तास तुझ्याच अर्जावर खोदून विचारतात, आणि नंतर २४ तासांत तुला एक छोटं टिपण लिहून द्यावं लागतं. व्हॉर्टनला पाच-सहा जणांची ३५ मिनिटं चर्चा, मग एकेकट्याशी दहा मिनिटं. तिथे आपल्याकडच्या ग्रुप डिस्कशनसारखं तुटून पडू नकोस, दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेणारा माणूस त्यांना हवा असतो. फ्रान्सच्या इन्सियादला माजी विद्यार्थी घेतात, तेही दोन वेगवेगळे इंटरव्ह्यू.
पाठ केलेली उत्तरं कुठेच टिकत नाहीत. 'प्रोसेस सुधारली' लिहिलंयस ना, मग आधी कागद कुठल्या टेबलावर अडायचे, कोण नाही म्हणालं, त्याला कसं पटवलंस, एवढं बोलता आलं पाहिजे. एसपी जैनच्या ग्रुप इंटरव्ह्यूची तयारी करणारी मुलं अंधेरीत सापडतील, त्यांच्यासोबत बस, बोलायचा सराव होतो.

मंदार_ठाणे:
खूप आभार दोघांचे! फक्त व्हीपींना नाही कसं म्हणू, अप्रेझल तोंडावर आलंय.

सायली_पार्ले:
सरळ सांग की फॉर्ममध्ये डायरेक्ट सुपरवायझरला प्राधान्य आहे, बऱ्याच ठिकाणी खरंच असतं. आणि राउंड २ च्या, म्हणजे अर्जांच्या दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या तारखा जानेवारीच्या सुरुवातीला येतात, तर मॅनेजरना दिवाळीनंतर लगेच विचार, डिसेंबरात सगळे सुट्टीवर जातात.