मुलांना थिबा राजवाडा दाखवावा की सरळ समुद्रावर सोडावं?

खाडीकाठचा बाबा (धागाकर्ता)

दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीला निघालेल्यांची विचारपूस सुरू झाली की एक सल्ला हमखास येतो: "मुलं बरोबर आहेत ना? मग थिबा पॅलेस वगळा, कंटाळतात." मला हा सल्ला अजिबात पटत नाही. मुलं कंटाळतात ती आपण त्यांना दालनादालनांतून फरफटत नेतो म्हणून.

तळमजल्यावरच्या संग्रहालयातल्या मूर्तींपाशी थांबूच नका. मूर्ती चांगल्या आहेत, पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाला शिल्पशैलीशी काय देणंघेणं? सरळ वर जा. जांभ्याच्या भिंती, अर्धगोल लाकडी कमानींच्या खिडक्या, दिवाणखान्यातली संगमरवरी फरशी आणि बाहेर भाट्याची खाडी. तिथे पोराला खिडकीशी उभं करा आणि सांगा की या घरात एका देशाचा राजा कैदेत होता.

गोष्ट अशी. नोव्हेंबर १८८५. इंग्रजांनी जेमतेम दोन आठवड्यांत ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले घेतली. तिथला राजा थिबा तेव्हा सव्वीस वर्षांचा. त्याला, गरोदर राणीला आणि लहान मुलींना बोटीत बसवून आधी रंगूनला, मग मद्रासला नेलं आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. रत्नागिरीच का? तर एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र, रेल्वे नाही आणि पावसाळ्यात बोटीही बंद. हा राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये. म्हणजे चोवीस वर्षं तो बंगल्यांतच होता. इथे सहा वर्षं राहिला आणि डिसेंबर १९१६ मध्ये इथेच वारला.

हे ऐकल्यावर माझ्या मुलीने खाडीकडे बघत विचारलं, "त्याला पोहता येत नव्हतं का?" मग पहारा कसा असायचा, बाहेर पडायला परवानगी का लागायची, पळून जाणार तरी कुठे, असं बोलत आम्ही बराच वेळ त्या खिडकीतच होतो. एक इमारत, एक गोष्ट, अर्धा तास. मग खुशाल समुद्रावर जा.

शिंपला

असहमत. तुमची मुलगी मोठी आहे म्हणून जमलं. पाच वर्षांच्या पोराला घेऊन जा आणि मग लिहा. त्याला राजा म्हणजे मुकुट, तलवार, हत्ती. इथे त्यातलं काहीच नाही, आणि बाबा मात्र "पारतंत्र्य म्हणजे काय असतं माहितीये का" असं सुरू करणार.

आम्ही घाटावरची माणसं. वर्षातून एकदा समुद्र दिसतो. भाट्याच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी पोरं सोडा. कुर्ल्या बिळातून वाळूच्या गोळ्या काढून कशी रांगोळी घालतात, शिंपल्याला नेमकं गोल भोक कुणी पाडलं, भरती कुठवर आली होती हे ओल्या रेषेवरून कसं कळतं, हे बघण्यात दुपार जाते. इतिहास शाळेत येणारच आहे, परीक्षेसकट. सुट्टीत तरी सोडा त्यांना. मुलांच्या नावाखाली आपली हौस भागवायची, हे काही बरं नाही.

जांभा दगड

मी रत्नागिरीचाच. आधी घरचं गाऱ्हाणं: इथल्या मुलांनासुद्धा राजवाडा आतून फारसा माहीत नसतो. आम्ही संध्याकाळी थिबा पॉइंटवर जातो, खाडी बघतो, सूर्य बुडाला की घरी. राजवाडा पाहुण्यांसाठी. पाहुणे गणपतीपुळ्याला जाताना गाडीतून "तो बघ राजवाडा" म्हणतात, झालं दर्शन.

धागाकर्त्यांशी सहमत, पण नुसता राजवाडा दाखवलात तर गोष्ट अर्धीच राहते. तिथून टिळक आळीत या. टिळकांचं जन्मघर आहे, कौलारू, लहानसं. हे रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ कुठे होते? मंडालेच्या तुरुंगात. आणि त्याच वर्षांत मंडालेचा राजा कुठे होता? रत्नागिरीत. मुलांसमोर नकाशा पसरून दोन्ही गावांवर बोट ठेवायला लावा, सरकारचा कावा त्यांना आपोआप कळतो: माणसाला त्याच्या माणसांपासून तोडायचं, तेही समुद्रापार. बहादूरशहा जफरला दिल्लीहून रंगूनला धाडलं तेही तसंच. तो १८६२ मध्ये तिकडेच गेला.

तळटीप

धागा वाचून एक प्रश्न पडला. तुम्ही मुलांना "बिचारा राजा" सांगताय का? १८७९ मध्ये, थिबा गादीवर आल्यावर काही महिन्यांतच, राजघराण्यातल्या सत्तर-ऐंशी नातलगांना मारून टाकलं होतं. त्यात सावत्र भाऊ होते, बहिणी होत्या, मुलंही होती. बेत त्याच्या सासूचा होता असं बहुतेक इतिहासकार म्हणतात, तो स्वतः किती सामील होता यावर वाद आहे. पण झालं ते त्याच्याच नावाने.

इंग्रजांनी नेमकं हेच प्रकरण पुढे "असल्या राजाला काढलंच पाहिजे" म्हणायला वापरलं. खरा डोळा होता सागवानावर आणि चीनकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवर. म्हणजे दोन्हीकडे काळंबेरं. हे सगळं गाळून खिडकीत उभा राहिलेला उदास राजा तेवढा दाखवणं हा इतिहास नाही, ती परीकथा झाली. आणि हे सगळं सांगायचं असेल तर नऊ वर्षं हे वय नाही. तेव्हा माझं मत: सातवी-आठवीच्या आधी नकोच.

खाडीकाठचा बाबा

@तळटीप, मुद्दा वजनदार आहे, वयाचं मात्र पटत नाही. शनिवारवाड्यात आपण मुलांना काय सांगतो? "काका, मला वाचवा." नारायणराव पेशव्यांचा खून, तोही घरच्यांच्या कटातून, मराठी घरात बालवाडीतली पोरं ऐकतात आणि वर रात्री अंधारात एकमेकांना घाबरवतात. तेव्हा वय आड येत नाही आणि ब्रह्मदेशाचा राजा आला की लगेच सातवी-आठवी?

मी मुलीला सांगितलं की गादीसाठी त्याच्या घरात फार माणसं मारली गेली होती. ती म्हणाली, "मग त्याला शिक्षा झाली ते बरंच झालं." मी विचारलं, शिक्षा देणारे कोण होते? आणि ज्यांची माणसं मेली त्यांना काय मिळालं? यावर ती गप्प बसली नाही, भांडली. मला तेच हवं होतं. (राणीच्या बाजूने मात्र आमच्या घरात कुणीच बोललं नाही!)

@शिंपला, पाच वर्षांच्या पोराला एवढं नाही सांगायचं. त्याला थंडगार फरशीवरून अनवाणी चालू द्या, खिडकीतून होड्या मोजू द्या, दहा मिनिटांत बाहेर. तेवढं पुरतं.

दोन पोरांची आई

तुम्ही सगळे मुलांच्या वयावर भांडताय. माझं भांडण संग्रहालयांशी आहे. कुठलं ते लिहीत नाही, पण किनारपट्टीवरच्याच एका लहान संग्रहालयात आम्ही गेलो होतो. दारातच "हात लावू नका", आत "पळू नका", पुढे "काचेला टेकू नका". पाटीवर काय? "मूर्ती. दगड." अहो, दगड आहे हे माझ्या धाकट्यालाही दिसत होतं! स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली ज्यांच्याकडे ते जेवायला गेलेले. दोन मुलं घेऊन फिरणाऱ्या बाईला इतिहासाआधी ते लागतं.

हात लावण्याजोगं काहीतरी ठेवा ना. जांभ्याचा एक चिरा ठेवा, तो ताजा असताना मऊ असतो, हवेत राहून घट्ट होतो, म्हणून कोकणात चिरे कापून घरं बांधतात हे हाताला कळेल. जुनं वल्हं ठेवा. जाळ्याला बांधायचं वजन ठेवा. आणि पाट्या लावायच्या तर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. इतकं केलं तर माझी पोरं तासभर हलणार नाहीत.

तळटीप

@दोन पोरांची आई, कुलपाबद्दल शंभर टक्के सहमत. हाताळण्याबद्दल मात्र जपून. समुद्रकाठची हवा खारी आणि दमट. लोखंड गंजतं, लाकूड फुगतं, कागदाला बुरशी धरते. त्यात रोज दोनशे घामट हात लागले तर पुढच्या पिढीला दाखवायला काय उरणार? चिरा किंवा नवीन बनवलेलं वल्हं ठेवा, माझी ना नाही. खऱ्या जुन्या वस्तू काचेतच बऱ्या.

शिंपला

चर्चा वाचून एक सुचलं. झाडगावच्या मत्स्यालयाचं नाव कुणीच काढलं नाही? तिथे देवमाशाचा सांगाडा आहे. माझा धाकटा त्याच्या जबड्यापुढे जो उभा राहिला तो हलेना. "हा काय खायचा? मेला कसा? याला इथे आणला कसा?" प्रश्न संपेनात. थिबाला जमेल का हे?

खाडीकाठचा बाबा

म्हणजे तुमचा संग्रहालयाला विरोध नाहीच, राजाला आहे! चालेल की. तुम्ही देवमासा दाखवा, मी राजा दाखवतो. पण धाग्याचा मुद्दा तोच: मुलांना एक वस्तू भिडू द्या, सगळं दाखवायच्या फंदात पडू नका.

जांभा दगड

राणीचा विषय निघालाच आहे तर, ती १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परत गेली. मंडालेला मात्र जाऊ दिलं नाही, रंगूनलाच राहिली आणि तिथेच १९२५ मध्ये वारली. राजा रत्नागिरीतच राहिला, त्याची समाधी शहरात आहे. ब्रह्मदेशाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन २०१२ मध्ये तिथे येऊन गेले.

पण माझ्या मते मुलांना सांगण्यासारखी खरी गोष्ट थोरल्या राजकन्येची. तिचं राजवाड्यातल्या एका मराठी नोकरावर प्रेम बसलं. त्यांची मुलगी टूटू. ती रत्नागिरीतच वाढली, इथेच संसार केला, मराठीच बोलली, गरिबीत राहिली. आमच्या आधीच्या पिढीतल्या पुष्कळांनी तिला पाहिलंय. ब्रह्मदेशाच्या राजाची सख्खी नात आणि शेजारणींसारखीच गोवऱ्या थापणारी. राजवाडा बघून झाला की हे सांगा, मग "राजा म्हणजे मुकुट" हे पोराच्या डोक्यातून जातं की नाही बघा.

तळटीप

ही गोष्ट मात्र पाचवीतल्या मुलालाही चालेल. बाकी मत कायम.

दोन पोरांची आई

टूटूबद्दल माहीत नव्हतं. आता राजवाड्यात जाणं आलं. मागच्या बाजूला राजाच्या काळातली बुद्धमूर्ती आहे म्हणतात, तीही बघू. पुढच्या आठवड्यात तिकडेच आहोत. राजवाडा रोज उघडा असतो का?

जांभा दगड

सोमवारी बंद. शक्यतो सकाळीच जा. दुपारी चढ चढून पोरं वैतागतात आणि मग दोष थिबाला.

शिंपला

आम्ही रविवारी रात्री पोचतोय आणि मंगळवारी पहाटे परत. धागाकर्ते, नाइलाज आहे हो, समुद्रावरच जावं लागणार!