मदत हवी आहे: एक्स्ट्रीम एआय हरतो, पण रँक्डमध्ये माझाच धुव्वा उडतो

'एज ऑफ एम्पायर्स २ : डेफिनिटिव्ह एडिशन' हा कॉम्प्युटरवरचा युद्धाचा खेळ खेळणाऱ्या जाणकारांना विचारतोय. अरेबिया नकाशावर एक्स्ट्रीम एआयला (सगळ्यात अवघड पातळीवरच्या कॉम्प्युटरला) मी आता बहुतेक वेळा हरवतो. रँक्डमध्ये (माणसांविरुद्धच्या, रेटिंग ठरवणाऱ्या डावांत) मात्र फ्यूडल एजमध्येच, म्हणजे दुसऱ्याच युगात, माझा खेळ आटोपतो. सुरुवातीला १००० रेटिंग मिळतं, तिथून माझी घसरगुंडी चालू आहे.

एआयशी खेळून खेळून मी फक्त एआयलाच हरवायला शिकलोय, अशी शंका यायला लागलीय. तो सैन्य आणून सरळ माझ्या भिंतीवर आपटतो. आत आर्चर (तिरंदाज) उभे करून ठेवले की काम भागतं, आणि थोड्या वेळाने तो पुन्हा तेच करतो. परवा एका खेळाडूने भिंत बंद बघितली आणि तिला हातही लावला नाही. माझ्या व्हिलेजरांनी (कामकऱ्यांनी) लाकडासाठी झाडं तोडून जिथे फट पाडली होती, नेमके तिथूनच त्याचे स्काउट (हलके घोडेस्वार) आत. मी पळापळ करत बसलो आणि तोवर टाउन सेंटर (व्हिलेजर तयार करणारी मुख्य इमारत) रिकामं. दर २५ सेकंदांनी एक व्हिलेजर निघायला हवा, तिथे कितीतरी वेळ एकही नाही.

उलटही आहे. मँगोनेल या दगडफेक्या यंत्राचे दगड एआय इतके सफाईने चुकवतो की मी मँगोनेल बनवणंच सोडून दिलं. माणसांवर ती चालली असती की!

१९९९च्या मूळ खेळातला सगळ्यात अवघड कॉम्प्युटर फुकटची रसद घेऊन खेळायचा. हा तसं करत नाही, त्यामुळे सराव फुकट जाणार नाही असं वाटलं होतं. मग आता काय करू? भिंत न बांधता खेळू, की एकटा दोन एआयविरुद्ध? खेळातलीच 'आर्ट ऑफ वॉर' ही सरावाची आव्हानं करून झालीत, ती सोडून सांगा.

प्रतिसाद : दोन एआय नकोत, त्याने नुसता बचाव पक्का होईल. एक सांगा, एआयविरुद्ध तुम्ही टेहळणी करता का? बहुतेक नसालच करत, कारण तो काय करणार हे पाठ झालेलं असतं. त्याला रँडम सिव्हिलायझेशन द्या आणि त्याच्या इमारती बघितल्याशिवाय तुमचं सैन्य ठरवू नका. आर्चरी रेंज (आर्चर तयार करणारी इमारत) दिसली तर आर्चरांवर भारी पडणारे स्कर्मिशर, तबेला दिसला तर घोडेस्वारांवर भारी पडणारे स्पिअरमन. बिल्ड ऑर्डर (सुरुवातीच्या कामांचा ठरलेला क्रम) घोटायला एआय उत्तम, त्यासाठी पातळी मॉडरेटला उतरवली तरी चालेल. कॅसल एजमध्ये, म्हणजे तिसऱ्या युगात, जायला लागणारं ८०० अन्न आणि २०० सोनं टाउन सेंटर न थांबवता जमेपर्यंत खेळायचं, पुढचा डाव सोडून द्यायचा. मँगोनेल मात्र माणसांवरच शिका, एआयच्या नादी लागू नका.

आणि त्या स्काउटवाल्या डावाचं रेकॉर्डिंग असेल तर त्याच्या बाजूने एकदा बघा. फट दिसायच्या आधी तो भिंतीभोवती किती फिरला, ते कळेल. इथे टाकलंत तर मीही बघतो.