पावडर टॉयमध्ये मेमरी बांधायचीय, सुरुवात कुठून करू?

खटपट्या
मंडळी, सुट्टीत द पावडर टॉय या ठिपक्यांच्या कणांनी पदार्थ मांडायच्या संगणकावरच्या खेळाचा नाद लागलाय. वाळू, लाव्हा, स्फोट सगळं करून झालं. आता आत चालणारा छोटासा प्रोसेसर बांधायचाय. मेटल आणि स्विच वापरून ४ बिटांचा अॅडर (बेरीज करणारं सर्किट) जमला. मेमरीला हात घातला आणि ८ बिटांतच पाव पडदा भरला! त्यात काल व्यवस्थित चाललेलं सर्किट सेव्ह करून आज उघडलं तर ढिम्म. स्विचचाच रस्ता धरू की दुसरं काही शिकू? कॉलेजातले फ्लिपफ्लॉप (एकेक बिट साठवणारी सर्किटं) एवढीच शिदोरी आहे.

कणाद७
फ्लिपफ्लॉप विसरा, फिल्ट (किरणाला रंग देणारा कण) शिका. मैदान ६१२ × ३८४ ठिपक्यांचं, तिथे स्विच उधळून कसं चालेल? फिल्टच्या एका कणाच्या सीटाइपमध्ये (कणासोबतची नोंद, फिल्टच्या बाबतीत त्याचा रंग) ३० बिट मावतात. त्यातला सगळ्यात वरचा कायम १ ठेवायचा, उरलेले २९ तुमचे. तुमचा पाव पडदा एका ठिपक्यात!

वाचायचं असं: ए-रे (किरण सोडणारा कण), समोर फिल्ट, पलीकडे मोकळी जागा आणि शेजारी डिटेक (किरण टिपणारा कण). डिटेकचा सीटाइप बी-रे, म्हणजे ए-रेतून सुटणारा किरण, ठेवा. ए-रेला ज्या बाजूने स्पार्क (विजेची ठिणगी) लागेल त्याच्या विरुद्ध दिशेला किरण सुटतो, फिल्टमधून जाताना त्याचा रंग उचलतो आणि डिटेक तो रंग आपल्याला चिकटलेल्या फिल्टवर उतरवतो. फक्त किरण ३० फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद, रेंगाळतो हे ध्यानात असू द्या. त्यात माझी अख्खी रात्र गेली होती.

जुना_खेळाडू
'ढिम्म'चं कारण सांगतो. खेळ कण एकेक करून हलवतो, त्यांच्या क्रमांकानुसार. नवा कण काढला की त्याला मोकळा असेल तो क्रमांक मिळतो, पण सेव्ह उघडताना सगळ्यांना वरच्या ओळीपासून डावीकडून उजवीकडे नव्याने क्रमांक लागतात. म्हणजे आधी कोण, मग कोण हेच बदललं. काहीही खोडलं-काढलं की आधी सेव्ह करायचं, एफ५ दाबून ती सेव्ह पुन्हा उघडायची आणि मगच चाचणी घ्यायची. चाचणीत स्पेसने थांबवून एफने एकेक फ्रेम पुढे जा.

कणाद, मेटल अगदीच टाकाऊ नाही हो. एकदा स्पार्क गेला की पुन्हा घ्यायला ८ फ्रेम लागतात, म्हणजे ६० फ्रेमच्या वेगाने सेकंदाला साडेसात ठोके. शिकायला तो संथपणाच बरा.

मधली_सुट्टी
आर-२ हा याच खेळात बांधलेला १६ बिटांचा संगणक उघडून बघा. त्याच्यासाठी ल्युआ या भाषेत लिहिलेला असेंब्लरही (प्रोग्रामचं यंत्राच्या आकड्यांत रूपांतर करणारा) आहे, प्रोग्राम लिहून आत घालता येतो.

कणाद७
बघा जरूर, पण आत्ता नको. मी पहिल्याच आठवड्यात तो उघडला आणि महिनाभर खेळाकडे फिरकलो नाही.

खटपट्या
आभार! मेमरीचा एक खाना चालला. एफ५ची गोष्ट तर शंभर टक्के खरी निघाली. पण ५, १२, २०० नीट वाचले जातात आणि ० ठेवलं की भलताच आकडा येतो. का?

जुना_खेळाडू
वरचा बिट १ ठेवला नाहीत ना? सीटाइप शून्य झाला की फिल्ट स्वतःच्या तापमानावरून रंग ठरवतो. तुम्ही मेमरी नाही, थर्मामीटर वाचताय :)