विषय: सोलापूर – आईचा ताप – स्टिरॉईड आधी की पेट स्कॅन?

मंडळी,
आईचा ताप सव्वा महिना झाला तरी हटत नाही. रोज दिवेलागणीला १०१-१०२. मलेरिया, विडाल (टायफॉईडची), लघवी, एक्सरे, टीबी, इको, कशात काही नाही. ईएसआर (अंगात सूज आहे का ते सांगणारी रक्ताची तपासणी) तेवढा ११०. वजन पाच किलो उतरलंय. डॉक्टर म्हणतात, महाधमनीला सूज असेल. सूज कुठे आहे ते दाखवणारा पेट (PET) स्कॅन मंगळवारी, पुण्याला. स्टिरॉईड मात्र आजपासूनच द्यायचं म्हणतात. भाऊ म्हणतो, स्कॅन बिघडेल, थांबू. काय करावं?

> अक्का:
अजिबात देऊ नका! माझ्या नणंदेला आधीच गोळ्या दिल्या, ताप पळाला, मग तीन आठवड्यांनी स्कॅनमध्ये काहीच दिसेना. आणि हुतात्मा एक्सप्रेसनं नेऊ नका, गाडी करा. स्कॅनसाठी उपाशी राहावं लागतं, उपाशीपोटी झेपायचं नाही.

> नाना:
आरोग्याचे प्रश्न वेगळ्या धाग्यावर टाकायचं ठरलं होतं, तो मीच बघतो. असो. विडालवर विसंबू नका, ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघणारी तपासणी) केलं का?

> डॉक्टरताई:
नाना, बरोबर. कल्चर हवंच, महाधमनीला जंतूंमुळेही सूज येते.
अक्का, तीन आठवडे आणि तीन दिवस यात फरक आहे. दोन-तीन दिवसांच्या गोळ्यांनी स्कॅन सहसा वाया जात नाही, दहा दिवसांनी मात्र सूज पुसट होऊ लागते.
आईंचं वय ६८ ना? तिशीच्या आतबाहेर असत्या तर ताकायासू म्हटलं असतं. १९०८ मध्ये जपानी नेत्रतज्ज्ञानं सांगितलेला, बहुधा तरुण बायकांना होणारा महाधमनीच्या सुजेचा आजार. या वयात जायंट सेल (महाधमनीला आणि डोक्याच्या धमन्यांना सूज आणणारा आजार) आधी आठवतो. वेणी घालताना टाळू दुखते का? चावताना जबडा भरून येतो? नजर? दोन्ही दंडांचा बीपी घ्या. स्टिरॉईडनं साखर चढते आणि साखर चढली तर स्कॅन नीट येत नाही, तीही रोज बघा.

> मी:
आत्ताच भावाशी बोललो. उजवीकडे १४८, डावीकडे ११२. आणि आईनं कडक भाकरी महिनाभर सोडलीय. दोन घास चावले की गाल दुखतात, थांबलं की बरं वाटतं. आम्ही कवळीला दोष देत बसलो.

> डॉक्टरताई:
कवळी नव्हे. हे जायंट सेलचं लक्षण वाटतं, आणि त्यात नजर कायमची जाऊ शकते. स्कॅनसाठी थांबू नका. कल्चर झालं नसेल तर रक्त आत्ता काढून घ्या, आणि त्यांच्या डॉक्टरांना जबड्याचं सांगून पहिला डोस आजच द्या.

> अक्का:
ताई म्हणतात तसंच करा. मी नणंदेवरून बोलले.

> मी:
रक्त दिलं. साडेआठला पहिली गोळी घेतली. गाडी सांगितलीय.

> नाना:
कोथरूडला पुतण्याचं घर रिकामं आहे. किल्ली शेजारी ठेवायला सांगतो.