वसंतदादा पाटील: तुरुंग फोडणारा माणूस साखर कारखान्यात कसा रमला?

नागपुरी_जावई
सासुरवाडी सांगली. तिथे मार्केट यार्डाला दादांचं नाव, कारखान्याला दादांचं नाव, बुधगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजलाही तेच. आमच्याकडे विदर्भात वसंतराव म्हटलं की नाईक, त्यामुळे मला हे प्रकरण नवीन. परवा जेवताना सासरे म्हणाले, "दादा तुरुंग फोडून पळाले होते, गोळी खाल्ली होती." हे खरं की सासरेबुवांची फोडणी? आणि खरं असेल तर बंदुका हिसकावणारा माणूस पुढे ऊस, साखरेचा उतारा, कर्ज असल्या हिशेबात कसा काय रमला?

शेतकी_निवृत्त
जावईबापू, फोडणी नाही. तारीख २४ जुलै १९४३. सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान, आणि तुरुंग गणेशदुर्ग किल्ल्यात, भोवती खंदक. दादा आणि साथीदारांनी दिवसाढवळ्या पहारेकऱ्यांच्या बंदुका घेतल्या, तटावरून उड्या टाकल्या आणि कृष्णेकडे धावले. मागून गोळीबार. त्यात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गेले. दादांच्या खांद्याला गोळी लागली, ते पुन्हा पकडले गेले आणि १९४६ साली सुटले. सासऱ्यांना पुढच्या वेळी ही दोन नावं विचारा. दादांचं नाव सगळ्यांना येतं, या दोघांचं येत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मी एका कारखान्याच्या शेतकी खात्यात चिटबॉय म्हणून (शेतकऱ्यांच्या उसाच्या नोंदी आणि तोडीच्या चिठ्ठ्या सांभाळणारा) लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो, त्यामुळे माझं बोलणं उसाच्या बाजूनेच असणार, हे धरून वाचा.

दादा तेव्हा इंग्रजांविरुद्धच्या चळवळीत भूमिगत, आणि भूमिगत माणसाला गाव सांभाळतं. कुठल्या वस्तीवर रात्री भाकरी मिळेल, कोण तोंड उघडणार नाही, कोण फौजदाराकडे जाऊन बसतो, हे त्या पोरांना पाठ होतं. दादा पद्माळ्याचे. प्लेगच्या साथीत आईवडील लहानपणीच गेले, आजीने वाढवलं, शाळा सातवीच्या आसपास सुटली. त्यांची सगळी विद्या म्हणजे माणसं ओळखणं. स्वातंत्र्य आलं तेव्हा हीच ओळख दुसऱ्या कामाला आली. सहकारी कारखाना काढायचा तर आधी शेतकऱ्याने शेअर घ्यायचा, मग सरकार भागभांडवल घालणार, मग मोठं कर्ज मिळणार. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळांनी हे करून दाखवलं होतं. पण ज्याने आयुष्यात गुळाच्या गुऱ्हाळापलीकडे काही पाहिलं नाही, तो न उभारलेल्या कारखान्यासाठी पैसे का देईल? आमच्या वडिलांनी दुभती म्हैस विकून दिले. आई वर्षभर धुसफुसत होती. कारण विचारलं की वडील एवढंच म्हणायचे, "दादानं सांगितलंय."

शेअर छोटा असो की मोठा, मत एकच. कागदावर सुंदर. पण खरी सत्ता तोडीच्या, म्हणजे ऊस कापायच्या, तारखेत असते, हे बाहेरच्याला कळत नाही. माझ्या वहीत प्रत्येकाची लागण, म्हणजे ऊस कधी लावला ते, नोंदलेली असे: आडसाली (पावसाळ्यातली), पूर्वहंगामी (पावसाळ्यानंतरची), 'सुरू' (हिवाळ्याअखेरची), खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस). त्या क्रमाने तोड द्यायची. एखाद्याची तोड महिना-दीड महिना लांबली की तुरे आलेला ऊस मार्चच्या उन्हात वाळतो, कांडी पोकळ पडते, काट्यावर वजन घटतं. म्हणजे त्याला न मारता मारलं. एका हंगामात मला वरून चिठ्ठी आली होती, अमक्याची तोड मागे ठेवा. अमका कोण, तर निवडणुकीत दुसऱ्या पॅनेलबरोबर फिरलेला. सहकाराने आमच्या भागात पक्की घरं आणली, पोरं शिकवली, आणि याच वहीतून आमदारही निघाले. दादांना हे कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. ते या खेळातले उस्ताद होते.

फी_भरलेला
काकांचं उसाचं पटलं. पण दादांचा सगळ्यात मोठा परिणाम उसात नाही, १९८३ च्या निर्णयात आहे. मुख्यमंत्री असताना त्यांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना दार उघडलं. त्याआधी आपली पोरं डोनेशन भरून कर्नाटकात जायची. मी १९८६ ला अशाच एका नव्या कॉलेजात गेलो. वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये, वर्कशॉपमध्ये लेथ दोन आणि त्यातला एक बंद. वडिलांनी जमिनीचा तुकडा गहाण टाकला. ज्यांचे कारखाने, त्यांचीच कॉलेजं. "शिक्षणसम्राट" ही जमात तेव्हाची.

शेतकी_निवृत्त
गहाण टाकली हे वाईटच. पण तुम्ही इंजिनिअर झालात ना? सरकारी कॉलेजच्या मोजक्या जागांत आपल्यासारख्यांचा नंबर लागला असता का?

फी_भरलेला
झालो. जमीन सुटायला मात्र माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. सातवी शिकलेल्या माणसाने हजारोंना इंजिनिअर केलं, हे भाषणात छान वाटतं. फीवर लगाम तेव्हाच घातला असता तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.

नागपुरी_जावई
भांडा, मला फायदाच होतोय. एक राहिलं: एवढा माणूस, मग मुख्यमंत्रिपदावर टिकला का नाही? सासरे इथे एकदम गप्प होतात.

गॅलरीतून
गप्प होणारच. १९७६ ला तेव्हाचे मुख्यमंत्री शंकरराव चव्हाणांनी मंत्रिमंडळातून वगळलं, तेव्हा दादा राजकारण सोडून सांगलीला परतले. १९७७ ला आणीबाणीनंतर काँग्रेस आपटली आणि तेच मुख्यमंत्री झाले. १९७८ च्या निवडणुकीनंतर फुटून झालेल्या दोन काँग्रेसचं कडबोळं सरकार, दादा मुख्यमंत्री आणि नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. जुलैत शरद पवार आमदार घेऊन बाहेर पडले आणि सरकार कोसळलं. "पाठीत खंजीर" हे शब्द महाराष्ट्रात आजही त्याच घटनेसाठी वापरतात. गंमत म्हणजे पुढे दोघे पुन्हा एका पक्षात.

१९८३ ला परत मुख्यमंत्री. १९८५ ला मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा डाव आहे असं विधान केलं, आणि पालिका शिवसेनेने जिंकली. ते चुकून बोलले की ठरवून, यावर आमच्या कट्ट्यावर अजून एकमत नाही. मला तरी ठरवूनच वाटतं. त्याच वर्षी दिल्लीने प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष केलं, ते दादांना मानवलं नाही आणि त्यांनी खुर्ची सोडली. मग राजस्थानचे राज्यपाल झाले, तिथूनही १९८७ ला परत आले. १ मार्च १९८९ ला गेले.

शेतकी_निवृत्त
राजस्थानात राजवाड्यासारखं राजभवन, पण तिथे दारात बसून तोडीची तक्रार कोण सांगणार? तिथे त्यांचं मन लागणं कठीणच होतं. जावईबापू, सांगलीला आलात की राजवाडा चौकात उतरा, गणेशदुर्ग तिथेच आहे. तटाची उंची बघा आणि मग सासऱ्यांना फोडणी म्हणा.